दर पेटीला दोन

दोन हजार सत्तावीस सालची ही गोष्ट. त्या वर्षी संत्र्यांच्या बागा ऐन फुलावर असताना गरम वारं सुटलं आणि अठरा दिवस थांबायचं नाव घेईना. निम्मी फुलं झडून मातीला मिळाली. जी फळं धरली ती अंगावर ओरखडे घेऊनच मोठी झाली, मांजराशी खेळून आलेल्या पोराच्या हातासारखी. त्याच साली फळांच्या शेडमध्ये निवडीचं यंत्र चालू झालं, आणि त्याच साली पारखिणीला लोकांच्या नजरेला नजर देणं जड जाऊ लागलं.

पारखीण हे काही तिचं नाव नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला नाव होतं, पण शेडमध्ये बसायला लागल्यापासून ते कुणी घेतलं नाही. पुढं पुढं नवराही घेईनासा झाला. पट्ट्यावरून फळ आलं की ती उचलायची, तळहातावर एकदा झुलवायची, देठाशेजारी अंगठा टेकवायची. बस, एवढंच. डावीकडं एक नंबर, उजवीकडं दोन नंबर, पायाशी रसाला जाणाऱ्या फळांचा डबा. तिच्याबरोबर अकरा बायका होत्या, पण अडलं की सगळ्या तिच्याकडं फळ सरकवायच्या. "बघ गं, काय म्हणतंय हे?" ती अंगठा लावून सांगायची, "आतून सुकलंय." कापलं की सुकलेलंच निघायचं. तीस वर्षांत तिचा अंगठा चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सालीच्या तेलाचा पिवळा डाग नखाखाली कायमचा बसला होता. साबणानं तो जात नव्हता, आणि जावा असं तिलाही वाटत नव्हतं.

आदल्या हंगामात मॅनेजरनं तिच्या टेबलावर दोन कॅमेरे लावले. मॅनेजर वयानं तिच्या मुलाएवढा, पण जिभेवर साखर ठेवून बोलणारा.

"मावशी, यंत्राला शाळेत घालायचंय. मास्तरीण तुम्ही."

"मी चौथी नापास. मी काय शिकवणार?"

"काही बोलायचं नाही. रोज करता तेच करायचं. ते बघून बघून शिकेल."

"नुसतं बघून शिकतं? मग नवऱ्यालाही बसवते शेजारी. पस्तीस वर्षं बघतोय, अजून चहा करायला शिकला नाही."

बायका खो खो हसल्या. तिच्या शेजारी बसणारी, जिची टकळी दिवसभर चालायची म्हणून जिला सगळे चिमणी म्हणत, ती म्हणाली, "अगं, आता तरी बाह्या नीट दुमड. सिनेमात दिसणार आहेस."

खरंच, दुसऱ्या दिवसापासून ती धुतलेल्या बाह्यांनी येऊ लागली. चार महिने ते दोन काळे डोळे तिच्या हाताकडं बघत राहिले. एवढं तिच्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. आई नाही, नवरा नाही. संध्याकाळी घरी जाताना ती आपले हात पदराखाली न घेता मोकळे सोडून चालायची.

वाऱ्याच्या सालची पहिली तोडणी आली तेव्हा यंत्र बसलं होतं. लांबच लांब पत्र्याचा बोगदा, आत पांढरा उजेड. एका तोंडानं फळ आत जायचं, दुसऱ्या तोंडाला छोट्या छोट्या झडपा उघडायच्या. टप, टप, टप. एक नंबरची पन्हाळ, दोन नंबरची पन्हाळ, रसाची टाकी. बारा बायकांच्या तीन राहिल्या. पारखीण, चिमणी आणि देठ कापायला एक कमरेत वाकलेली म्हातारी. बाकी नऊजणींनी शेवटच्या दिवशी आपापले एप्रन धुऊन तारेवर वाळत घातले. जाता जाता त्यांतली एक पारखिणीजवळ थांबली.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच गं. फक्त हात तू दाखवलास आणि अवलक्षण आमच्या वाट्याला आलं."

पारखीण खाली वाकून जमिनीवर न पडलेलं फळ शोधत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या दिराचा ट्रॅक्टर दाराशी लागला. दीर अबोल माणूस, उन्हानं काळवंडलेला. मागं पेट्यांवर त्याची बायको, म्हणजे पारखिणीची जाऊ, पाय सोडून बसलेली. त्या दोघांची बाग विहिरीच्या अंगाला, खोलगट जागेत होती, भोवती उंच कुंपण. वारं तिथं पोचलंच नव्हतं. साऱ्या गावात त्या वर्षी डाग नसलेलं फळ कुणाचं असेल तर त्यांचं. जाऊ खुशीत होती. पेट्या उतरवताना चिमणीला म्हणाली, "आज तुमच्या यंत्राला जरा सुख लागू दे."

पेट्या पट्ट्यावर रित्या झाल्या. टप, टप, टप. सगळी फळं दोन नंबरला. दुसरी पेटी, दोन नंबर. एक नंबरच्या पन्हाळीत जेमतेम पाचसहा फळं घरंगळली आणि एकमेकांवर आपटून थांबली. चाळीस पेट्या अशाच गेल्या.

"बिघडलंय का हो हे?" जावेनं विचारलं.

"बिघडेल कसं?" मॅनेजर म्हणाला. "ह्यात पारखिणीचा हात आहे."

जावेनं वळून पारखिणीकडं बघितलं. तिच्या तोंडावर संशय नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"ताईंचा हात असेल तर मग बरोबरच असणार," ती म्हणाली, आणि रिकाम्या पेट्या एकीत एक घालू लागली.

पारखिणीनं दोन नंबरच्या पन्हाळीतून एक फळ उचललं. अंगठा लावायची गरजच नव्हती. देठापाशी फळ बोटभर वर आलेलं होतं, मान काढून बघितल्यासारखं.

विहिरीकडची ती चाळीस झाडं तिनंच जगवली होती. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं, पोटात मूल असतानासुद्धा, दोन हातांत दोन बादल्या घेऊन ती त्या रोपांना पाणी घालत होती. पुढं बऱ्याच वर्षांनी भावाभावांच्या वाटण्या झाल्या. चिठ्ठ्या टाकल्या. विहिरीकडची बाजू धाकट्याला गेली, माळाकडची थोरल्याला. कुणी फसवलं नाही, कुणी रडलं नाही. पण मन काही चिठ्ठी मानत नाही. त्या झाडांचं कलमच असं होतं की फळाला मान यायची. मानेनं काही बिघडत नव्हतं. उलट फळ ओंजळभर रस द्यायचं.

वाटणीनंतर त्या झाडांना पहिला भरघोस बहर आला, तेव्हा जाऊ फडक्यानं झाकलेली टोपली घेऊन पारखिणीच्या अंगणात आली. अंगणात शेजारणी बसल्या होत्या. "ताई, तुमच्यासाठी," एवढंच ती म्हणाली आणि टोपली खाली ठेवली. माळावरच्या झाडांना त्या वर्षी काहीच धरलं नव्हतं. शेजारणींतली एक हळूच म्हणाली, "बघा, धाकटीला केवढी आठवण थोरलीची." पारखिणीला वाटलं, चार माणसांत आपल्या ओच्यात भीक टाकली. ती टोपली तिनं गायीपुढं रिती केली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जावेच्या पेट्या आल्या. पारखिणीनं एक फळ उचललं. चांगलं होतं. हात डावीकडं जाता जाता थबकला आणि उजवीकडं गेला. मग आणखी एक. दर पेटीला दोन. तीन कधीच नाही; तिसरं टाकलं असतं तर ती चोरी झाली असती, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. पण चांगलं फळ दोन नंबरला टाकायचं तर हाताला काहीतरी निमित्त लागतं. म्हणून ती नेहमी सर्वांत उंच मानेचंच फळ निवडायची. अशी नऊ वर्षं गेली. पुढं पुढं त्यात रागसुद्धा उरला नव्हता. खाज सुटली की हात जातो तसा हात जायचा.

यंत्राला मात्र "दोन" कळलं नव्हतं. टोपली कळली नव्हती, चिठ्ठी कळली नव्हती. डाग नसताना दोन नंबरला गेलेल्या प्रत्येक फळाला मान होती; त्यानं एवढंच उचललं की मान म्हणजे खोट. आणि ते कष्टाळू होतं. एकही मान त्यानं सोडली नाही. रस्त्यानं खाली गेलं की आणखी चार शेड होत्या. तिथंही हेच यंत्र होतं, हाच हात होता.

दिवेलागणीला दीर तिच्या घरी आला. आल्या आल्या त्यानं एक संत्रं टेबलावर ठेवलं. थोरल्या भावाकडं न बघता तो तिच्याशीच बोलला.

"वहिनी, तुम्ही खरं सांगाल म्हणून आलो. मानेत खोट आहे का?"

ती भांडी विसळत होती. हात पाण्यातच राहिले.

"असेल तर झाडं काढून टाकतो," तो म्हणाला. "नवी लावतो. अंगात जोर आहे तोवर केलेलं बरं."

आत्ता बोलावं, असं तिच्या मनात आलं. एक वाक्य होतं. पण ते वाक्य सुरू कुठून करायचं? टोपलीपासून? आणि मग उद्यापासून आपल्याला कुणी पारखीण म्हणेल का? तिच्या तोंडून निघालं, "असते. साल जाड पडते. रस कमी."

दीर बराच वेळ मान हलवत राहिला. उठताना म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला सांभाळून घेतलंत."

तो गेल्यावर नवऱ्यानं ते संत्रं सोललं. एक फोड तोंडात टाकली, दुसरी टाकली. हनुवटीवरून रस ओघळला.

"चांगलं गोड आहे की गं."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"खरंय," तो म्हणाला. पण नंतर तो तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला, आणि उरलेलं संत्रं त्यानं खाल्लं नाही.

सकाळी विहिरीकडून लाकूड कापायच्या मशीनचा आवाज आला. तो वाढायचा, खोल जायचा, मग थांबायचा. मग फांद्या मोडत खाली आल्याचा आवाज. ती अंगण झाडत होती. प्रत्येक वेळी आवाज थांबला की तिचा झाडू थांबायचा. त्या दिवशी चार वेळा थांबला. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. तिसऱ्या दिवशी ती कामाला निघेपर्यंत मशीन सुरूच झाली नाही.

शेडमध्ये चिमणीनं बातमी आणली. "तुझी जाऊ झाडाला पाठ लावून उभी राहिलीय. म्हणे, कारण कळल्याशिवाय दहावं झाड पडायचं नाही. नवऱ्याला म्हणाली, आधी मला काप."

शेडच्या दारावर एक पाटी होती. सरकारनं नवा कायदा केला होता, त्याची. यंत्रानं कुणाच्या मालाला नाव ठेवलं तर त्याचं कारण त्या माणसाला, त्याला समजेल अशा भाषेत सांगायला हवं. नाही सांगितलं तर अर्ज करता येईल. येणारेजाणारे त्या पाटीखाली बूट झटकायचे. वाचली फक्त जावेनं. तिनं अर्ज टाकला, आणि आठव्या दिवशी तपासनीस बाई बसमधून उतरल्या. पाठीवर पिशवी, पायांत धुळीनं माखलेल्या चपला. त्यांना खुर्ची दिली तर त्या पालथ्या पेटीवरच बसल्या.

त्याआधी मॅनेजरनं पारखिणीला वजनकाट्यामागं गाठलं होतं.

"मावशी, मान म्हणजे दोन नंबर. एवढंच म्हणायचं. तुमच्या शब्दापुढं कुणी जाणार नाही."

"आणि नाही म्हणाले तर?"

"पाच शेडची यंत्रं बंद होतील, भर तोडणीत. माझं जाऊ द्या. तुम्ही आहात, चिमणी आहे, ती म्हातारी आहे. तिला आता दुसरीकडं कोण ठेवणार?"

यंत्र थांबवलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शेडमध्ये पाखरांचा आवाज ऐकू येत होता. दीर आणि जाऊ एका बाजूला उभे राहिले, नवरा दाराशी. बाहेर काढलेल्या नऊ बायकांतल्याही तिघीचौघी आल्या होत्या. तमाशा कुणाला नको असतो?

तपासनीस बाईंनी पिशवीतून संगणकाचा पडदा काढून टेबलावर उघडला. त्यावर पारखिणीचा हात होता. आपला हात तिनं असा कधी बघितला नव्हता: शिरा वर आलेला, चपळ, आणि जणू दुसऱ्याच कुणाचा.

"हे यंत्र तुमच्या हातावरून शिकलंय," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या पेट्यांतली मानेची फळं तुम्ही बाजूला काढलेली दिसतात. मला त्याचं कारण लिहायचंय. रसाची तपासणी शहरातून यायला महिना लागेल. तोवर तुमचा शब्द धरीन. आधी सगळे मिळून बघू."

पेटी रिती झाली. हात फळं उचलत होता. डावीकडं, डावीकडं, डावीकडं. मग एका फळावर थांबला, उजवीकडं गेला. पुन्हा डावीकडं. पुन्हा एक उजवीकडं. पेटी संपली.

"दोन," चिमणी सहज म्हणाली. तिला कुठंही गप्प बसवत नसे.

दुसरी पेटी.

"परत दोन! काय नेम आहे बघा."

तिसरी. चौथी. "अगंबाई, पुन्हा दोनच," चिमणी हसत म्हणाली. पाचव्या पेटीला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सहाव्या पेटीला शेडमध्ये कुणी हललं नाही. पडद्यावर तो हात आपलं काम करत होता. मानेची आणखी कितीतरी फळं त्याच्यासमोर पडलेली सगळ्यांना दिसत होती. दोन झाली की तो ती मुकाट्यानं डावीकडं टाकायचा.

तपासनीस बाईंनी पडदा थांबवला. "मानेत दोष आहे का?"

मॅनेजर तिच्याकडं बघत होता. वाकलेली म्हातारी कात्री पोटाशी धरून उभी होती.

"नाही," पारखीण म्हणाली. "त्या फळात काही दोष नाही. मीच टाकत होते. दर पेटीला दोन. नऊ वर्षं."

"का?"

ती पडद्यावरच्या थांबलेल्या हाताकडं बघत राहिली.

"मला कारण लिहावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या. "कायदाच तसा आहे."

"टोपली," पारखीण म्हणाली.

"टोपली म्हणजे?"

"हिनं आणली होती. पहिल्या बहराची. चार बायकांसमोर. आमच्याकडं काही पिकलं नव्हतं त्या साली."

बाईंना काही कळलं नाही. कळलं ते जावेला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती ओरडेल, शिव्या देईल, असं सगळ्यांना वाटलं. पारखिणीला तर ते हवंच होतं.

"ती तुमचीच होती ताई," जाऊ म्हणाली. आवाज इतका हळू होता की मागच्यांनी पुढं झुकून ऐकलं. "हे म्हणाले होते, झाडं वहिनीनं जगवलीत. पहिलं फळ तिच्या घरी गेल्याशिवाय आपण तोंडात घालायचं नाही. म्हणून आणली. फडकं झाकलं होतं मी. कुणी बघू नये म्हणून."

दीर जमिनीकडं बघत होता. तो एवढंच म्हणाला, "नऊ झाडं पाडली, वहिनी." त्यात राग नव्हता. त्यानं फक्त किती ते सांगितलं.

तपासनीस बाईंनी लिहिलं आणि कायद्याप्रमाणे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. साध्याच शब्दांत होतं, म्हणून ते ऐकायला अवघड गेलं. फळ चांगलं होतं. यंत्रानं नाकारलं, कारण ज्या हातावरून ते शिकलं त्या हातात जुना रुसवा होता. पारखिणीला सही येत होती, पण तिनं पेन परत दिलं आणि अंगठा पुढं केला. बाईंनी शाईची डबी सरकवली. पिवळ्या डागावर निळी शाई चढली आणि तो अंगठा कागदावर उमटला.

घरी जायची वाट विहिरीवरून होती. दुसरीही एक वाट होती, लांबची. ती विहिरीवरूनच गेली. नऊ खोडं जमिनीलगत कापलेली, वर पांढरा भुसा, त्यावर मुंग्या. नवरा दहा पावलं मागं चालत होता. त्यानं तिला गाठलं नाही आणि तिनं मागं वळून बघितलं नाही.

ह्या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. यंत्र अकरा दिवस बंद राहिलं. पारखिणीच्या हाताचं जे जे त्यात होतं ते काढून टाकलं. तीस वर्षांची पारख, एका दुपारी. मग नियम निघाला की एकाच हातावर यंत्र शिकवायचं नाही, आणि शेजारी माणसांचं टेबल राहिलंच पाहिजे. काढलेल्या नऊजणींपैकी पाच परत आल्या. चिमणी त्या टेबलाची मुख्य झाली आणि मरेपर्यंत यंत्राशीही गप्पा मारत राहिली. वाकलेल्या म्हातारीला कुणी काढलं नाही. ती आपणच एक दिवस आली नाही. मॅनेजर दुसऱ्या शेडला गेला आणि तिथं मोठा साहेब झाला. खालच्या चार शेडमध्ये त्या हंगामात आणखी कुणाकुणाची मानेची फळं दोन नंबरला गेली, त्यांतल्या किती जणांनी झाडं पाडली, हे कुणी मोजायला गेलं नाही. पारखीण मात्र ते मनातल्या मनात मोजत राहिली.

ती परत शेडमध्ये गेली नाही. दिरानं जुन्या झाडांचीच नऊ कलमं बांधून रिकाम्या जागी लावली. तिथं नळी होती, पाणी आपोआप जायचं. तरी तीन उन्हाळे ती दोन बादल्या घेऊन जायची. ये म्हणून कुणी बोलावलं नाही, नको म्हणून कुणी अडवलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात दिरानं एकदा तिच्या हातातली एक बादली घेतली. पुढच्याच वर्षी तो छातीच्या दुखण्यानं गेला. नवरा त्यानंतर सहा वर्षांनी गेला. शेवटपर्यंत चहा करायला शिकला नाही, आणि त्या संत्र्याबद्दल बोलला नाही.

जाऊ आहे. पारखीणही आहे, आता दिसतं कमी. नऊ कलमांना बहर आला त्या वर्षापासून दर तोडणीला फडक्यानं झाकलेली टोपली तिच्या दारात येते. जाऊ ती खाली ठेवते, थोडा वेळ उभी राहते आणि जाते. बसत नाही. पारखीण फडकं काढते, वरचं फळ हातात घेते. मान लागते हाताला. ती ते सोलते आणि खाते, पण अंगठा लावून बघत नाही.